ओल जपण्याचे दिवस

एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांनी नाव न छापण्याची विनंती केली आहे, म्हणून पत्राचा आवश्यक तेवढाच भाग येथे देत आहे.

"मी मंगळवेढा तालुक्यातील एका खेड्यात राहते. माझे वय 47 आहे. मागच्या पौषात माझे यजमान गेले. ज्वारी हुरड्यात आली होती, पाखरे राखायला ते पहाटे मचाणावर गेले आणि तिथेच छातीत कळ येऊन कोसळले. आमच्या घरात तीन पिढ्यांची माळ आहे, एकादशी कधी चुकली नाही. देव भक्तांची राखण करतो असे कीर्तनात लहानपणापासून ऐकत आले. मग जो माणूस राखण करत होता त्याचीच राखण देवाने का केली नाही? आमच्या भक्तीतच काही खोट होती का? संध्याकाळी हरिपाठ म्हणते, पण तोंड म्हणत असते आणि मन कुठेच नसते. हे ढोंग वाटते. थांबवावे का? शेत दीर आणि मी मिळून बघतो. मुलगी पुण्यात शिकते, तिच्यासमोर मी रडत नाही. मार्गशीर्षातल्या गुरुवारी शेजारणी मला बोलवायच्या, यंदा कोणी बोलावले नाही. आतून सगळे गारठून गेले आहे. यातून वाट कशी काढावी?"

ताई, रामकृष्णहरी.

तुमचे पत्र आल्यापासून मी ते अनेकदा वाचले, आणि प्रत्येक वेळी राखणीच्या त्या एका वाक्यापाशी थांबलो. त्या पहाटे असे का घडले, याचे उत्तर माझ्यापाशी नाही, आणि ते आपल्यापाशी आहे असे जो सांगेल त्याचे ऐकू नका, अशी माझी पहिली विनंती आहे. दुःख झालेल्या घरात येऊन 'देव परीक्षा पाहतो', 'मागच्या जन्मीचे असेल', 'चांगली माणसे देवालाही हवी असतात' असे बोलणारे लोक वाईट नसतात. समोरचे दुःख त्यांना पेलवत नाही, म्हणून ते हाताला येईल ते वाक्य त्यावर पांघरतात. पण त्या पांघरुणाने ऊब मिळत नाही, हे तुम्ही अनुभवले आहे.

भक्तीत खोट होती का, या प्रश्नाचे उत्तर मात्र मी ठामपणे देऊ शकतो, कारण ते तुमच्याच मंगळवेढ्यात आहे. या एका गावाने दोन भक्तांच्या कथा जपल्या आहेत आणि त्या दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात असे मला नेहमी वाटते. पहिली दामाजीपंतांची. दुष्काळात लोक अन्नावाचून मरू लागले तेव्हा त्यांनी सरकारी धान्याची कोठारे लुटवली, बेदरच्या दरबारातून बोलावणे आले, आणि परंपरा सांगते की विठू महाराच्या रूपाने पांडुरंग तेथे गेला व धान्याचे मोल भरून आला. ही कथा आपण हजार वेळा ऐकतो, कारण तिच्यात देव धावून येतो. दुसरी कथा चोखोबांची. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे बांधकाम चालू असताना ते कोसळले आणि त्याखाली मजुरांबरोबर चोखोबाही गाडले गेले. हे साल 1338 चे. ज्या भक्ताला जन्मभर जातीमुळे देवळाच्या आत पाऊल टाकू दिले नाही, ज्याने महाद्वाराबाहेर उभे राहून विठ्ठलाला हाका मारल्या, त्याच्या अंगावर भिंत पडली आणि ती कोणीही अडवली नाही.

आता एवढेच पाहा, ताई. चोखोबांच्या भक्तीत खोट होती, असे वारकरी परंपरेत कोणी म्हटले आहे का? भिंत पडली त्याअर्थी त्यांचे काहीतरी चुकले असणार, असे नामदेवरायांच्या मनातही आले नाही. ते मंगळवेढ्याला आले, ढिगाऱ्यातून ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनी आला त्या चोखोबांच्या म्हणून त्यांनी ओळखल्या अशी श्रद्धा आहे, आणि त्या पंढरपुरास आणून महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली. आजही माणूस आत देवाकडे जातो तो या समाधीपुढे वाकून. म्हणजे ज्याच्यावर भिंत पडली आणि ज्याच्यासाठी देव दरबारात गेला, त्या दोघांनाही आपण संत म्हणतो. दुःख आले यावरून भक्तीचे मोजमाप करण्याची रीत आपल्या संप्रदायाची नाहीच. तुमच्या यजमानांची माळ खरी होती आणि तुमची एकादशीही खरी होती. हा हिशेब तुम्ही पुन्हा पुन्हा मांडू नये, असे मला कळकळीने वाटते.

मग राखण म्हणजे काय? देव राखतो याचा अर्थ घरावर संकट येऊ देत नाही असा असेल, तर आपल्या संतांपैकी जवळजवळ कोणाचीच राखण झाली नाही, असे म्हणावे लागेल. त्यांना जे अनुभवाला आले ते वेगळे होते. जनाबाईंबरोबर विठ्ठल दळायला बसतो, गोरोबांच्या घरी राबतो, चोखोबांबरोबर ढोरे ओढतो, अशा कथा आपण सांगतो. त्यांत एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली, ती म्हणजे जनाबाईंचे दळण सुटले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच जाते होते आणि पुन्हा तीच पहाट होती. देव आला तो जात्याच्या दुसऱ्या बाजूने खुंट्याला हात लावायला. राखणदाराचे काम तुम्ही माझ्यापेक्षा अधिक जाणता. तो पाखरांना जन्माला येऊ नका म्हणून सांगू शकत नाही, थंडीला हटवू शकत नाही, पण पीक सोडून घरी जात नाही. तुमच्या यजमानांनी शेवटच्या पहाटेपर्यंत हेच केले. ईश्वराच्या राखणीची मला समजलेली कल्पना याहून मोठी नाही. तुम्हाला ती आज अपुरी वाटली तर तसे म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, आणि देवापुढेही ते म्हणा. संतांनी देवाशी भांडण केले आहे. त्याला निष्ठुर म्हटले आहे. त्या भांडणाला संप्रदायाने ढोंगही म्हटले नाही आणि पापही म्हटले नाही.

आता हरिपाठाविषयी. थांबवू नका, पण तो ज्या ओझ्याने म्हणत आहात ते ओझे खाली ठेवा.

1630 च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात तुकोबांचे काय झाले ते तुम्ही ऐकले असेल. व्यापार बुडाला, मान गेला, थोरली पत्नी अन्न अन्न करीत गेली, मुलगाही गेला. तेव्हा ते अवघे विशीत होते. त्यानंतरच्या दिवसांविषयी त्यांनी स्वतः जे सांगितले आहे त्यातली एक कबुली कीर्तनांत फारशी पुढे येत नाही. आरंभी आपण एकादशीला कीर्तन करू लागलो, परंतु तेव्हा चित्त अभ्यासात नव्हते, असे ते सरळ सांगतात. संतांची काही वचने पाठ केली, पुढे गाणाऱ्यांच्या मागे ध्रुपद धरले, आणि घराण्याचे विठ्ठलाचे देऊळ मोडकळीस आले होते ते दुरुस्त करावे असे मनात आले. एवढीच ती सुरुवात आहे. डोंगरावरचे ध्यान आणि साक्षात्कार यांच्या आधी मन नसताना केलेले कीर्तन आहे, दुसऱ्याच्या सुरामागे लावलेला सूर आहे आणि दगडमातीचे काम आहे. तोंड म्हणते आणि मन कुठेच नसते, हे तुमचे वाक्य तुकोबांच्या त्या कबुलीच्या इतके जवळ आहे की तुम्ही त्याला ढोंग म्हटलेले मला सहन होत नाही. लोकांना दाखवण्यासाठी जे केले जाते ते ढोंग. तुम्ही तर कोणी पाहत नसताना, चव लागत नसताना, दिवेलागणीला बसता आहात.

आणि आता तुमच्या ज्वारीकडे येऊ, कारण या दिवसांत काय करावे हे मला पोथीपेक्षा त्या रानात जास्त स्पष्ट दिसते.

तुम्ही भाद्रपद-आश्विनात मालदांडी ज्वारी पेरली असेल. पेरणीनंतर तिच्यावर पाऊस पडला तर पडला, नाहीतर नाहीच. तरीही फाल्गुनापर्यंत ती उभी राहते, कणीस धरते, दाणा भरते. कशावर? पावसाळ्यात काळ्या रानाने जी ओल पोटात घेतली तिच्यावर. वरची माती सुकत जाते, ओल खाली खाली उतरते आणि मुळे तिच्या मागोमाग खोल जातात. त्या महिन्यांत वरून पाहणाऱ्याला पिकाची वाढ मंदावलेली दिसते, पण त्याच महिन्यांत ते जमिनीत सर्वांत खोल पोहोचलेले असते. खरिपाची ज्वारी कणसात पावसात सापडली की काळी पडते, आणि कोरड्या थंडीत पिकलेली तुमची ज्वारी मोत्यासारखी पांढरी येते, म्हणूनच मंगळवेढ्याच्या ज्वारीला लांबून लोक येतात.

पण या ओलीला एक मोठा धोका असतो, आणि तो थंडीचा नाही, भेगांचा आहे. काळी माती सुकताना आकसते, रानाला भेगा पडतात, त्या भेगांतून खालची ओल उडून जाते आणि मुळे तुटतात ती वेगळीच. म्हणून आपण कोळपतो, पिकाच्या ओळींमधली वरची माती कोळप्याने हलवतो. तीन आठवड्यांनी फटीचे कोळपे, पाच आठवड्यांनी पासेचे आणि आठ आठवड्यांनी, रान घट्ट होऊन भेगाळू लागले की, दातेरी. कोळप्याने रानात पाण्याचा एक थेंबही येत नाही. वरची माती भुसभुशीत होऊन भेगा बुजतात आणि आत जे आहे ते आत राहते, एवढेच घडते. तरीही जुनी माणसे 'एक कोळपणी, अर्धे पाणी' असे म्हणतात.

ताई, तुमचा हरिपाठ सध्या कोळपणी आहे. त्याने पाऊस पडावा, डोळे भरून यावेत, पूर्वीसारखा आनंद व्हावा, ही अपेक्षा आत्ता सोडून द्या. तो त्याचा हंगाम नव्हे. तीन पिढ्यांच्या माळेने, यजमानांबरोबर केलेल्या वाऱ्यांनी, तुमच्या आजवरच्या एकादश्यांनी जी ओल तुमच्या आत उतरली आहे ती संपलेली नाही. संपली असती तर तुम्ही हे पत्र लिहिलेच नसते, कारण ज्याच्या आत काहीच उरले नाही तो देवाला जाब विचारत नाही. ती ओल उडून जाऊ नये एवढेच या महिन्यांत करायचे आहे, आणि त्यासाठी थोडे पण नेमाने केलेले पुरते. सगळा हरिपाठ जड जात असेल तर एकच अभंग म्हणा, पण वेळ चुकवू नका आणि तो मोठ्याने म्हणा. शक्य असेल तर एकटीने म्हणू नका. तुकोबांनी ध्रुपद धरले तसे कोणाच्या तरी मागे म्हणा. गावातल्या भजनाला जाऊन मागे बसलात, टाळही हातात घेतला नाहीत, तरी चालेल. ज्या दिवशी अर्ध्यातच रडू फुटेल त्या दिवशी तो तेथेच थांबवा. राहिलेला अर्धा दुसऱ्या दिवशी भरून काढण्याची गरज नाही.

भेगा कुठे पडल्या आहेत, हेही पत्रावरून थोडे दिसते. सर्वांत मोठी भेग मला तुमच्या आणि मुलीच्या मध्ये दिसते. तुम्ही तिच्यासमोर रडत नाही, आणि मला जवळजवळ खात्री आहे की तीही पुण्यात खोलीचे दार लावून रडते व फोनवर तुमच्याशी अभ्यासाचे बोलते. दोघीही एकमेकींना जपता आहात, आणि त्या जपण्यातच दोघींची ओल उडून चालली आहे. पुढच्या वेळी ती घरी येईल तेव्हा तिला घेऊन त्या मचाणापाशी जा. वडिलांविषयी बोला, ते गोफण कशी फिरवायचे, कोणत्या गोष्टीवर चिडायचे, हे तिला सांगा आणि तिला आठवते ते ऐका. आता वर्षश्राद्ध जवळ येत आहे. त्या दिवशीच्या धावपळीत हे होणार नाही, म्हणून त्याच्या आधी एक दिवस यासाठी राखून ठेवा.

शेजारणींनी गुरुवारी बोलावले नाही, याविषयी मला वेगळे बोलायचे आहे, कारण ही थंडी ऋतूची नाही, ती माणसांनी पाडलेली आहे. नवरा गेला म्हणून बाईला हळदीकुंकवातून आणि व्रतांतून वगळणे यात देवाची इच्छा शोधू नका. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्यानंतर राज्य सरकारनेही इतर गावांनी तो आदर्श घ्यावा असे परिपत्रक काढले. आणि आपल्या वारीत तर डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या बाईला तिचे कुंकू कोणी विचारत नाही, सगळे तिला माउलीच म्हणतात. पुढे संक्रांत आहे. तुम्हाला बळ वाटले तर भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भाजी करून जिच्यावर तुमचा सर्वांत जास्त विश्वास आहे अशा एकाच शेजारणीला तुम्हीच घरी जेवायला बोलवा. बहुधा तिलाही काय बोलावे हे न कळल्यामुळेच ती आलेली नसेल. मागच्या पौषात तुमच्या घरची चूल पेटली नाही तेव्हा पिठले-भाकरीचे टोपले घेऊन कोणीतरी आलेच असेल. ते कोण होते ते आठवून पाहा. यजमान गेल्याची ती भरपाई आहे असे मी मुळीच म्हणत नाही, तशी भरपाई नसते. पण देवाच्या राखणीचा शोध घ्यायचा तर मी त्या टोपल्यापासून सुरुवात करीन, आणि कामाच्या दिवसांत तुमच्याबरोबर रानात उभ्या असणाऱ्या तुमच्या दिरांपाशी थांबेन.

आणखी एक गोष्ट, आणि ती श्रद्धेच्या कमीपणाची मानू नका. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, सकाळी उठूच नये असे रोज वाटत असेल, किंवा जगणे नकोसे झाल्याचे विचार मनात येत असतील, तर तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांना हे सगळे सांगा. 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा शासकीय क्रमांक आहे, तो विनामूल्य आहे आणि त्यावर मराठीतही बोलता येते. हा फोन करण्यात हरिपाठाशी कसलाही विरोध नाही.

वारीविषयी तुम्ही विचारले नाही, पण मी सुचवतो. यंदा मोठ्या यात्रेची घाई करू नका. गर्दीत तुम्हाला त्यांची आठवण चारही बाजूंनी येईल. त्याऐवजी याच मार्गशीर्षात, एखाद्या साध्या दिवशी, पंढरपूरला जा. मंगळवेढ्याहून ते सुमारे 25 किलोमीटरच आहे. या दिवसांत विठ्ठलाला थंडी वाजू नये म्हणून त्याच्या अंगावर शाल घालतात, कानांना कानपट्टी बांधतात. कटीवर हात ठेवून युगानुयुगे उभा असलेला देव, आणि त्याचे कान गार पडू नयेत म्हणून काळजी करणारी माणसे, हे एकदा डोळ्यांनी पाहा. त्याच्याकडे काही मागण्याची त्या दिवशी गरज नाही. आधी महाद्वारापाशी चोखोबांच्या समाधीजवळ थोडा वेळ बसा आणि मला लिहिलात तोच प्रश्न तेथे विचारा.

मार्गशीर्षभर देव गोपाळपूरजवळ विष्णुपदावर असतो, अशी श्रद्धा आहे, आणि लोक शिदोरी घेऊन तेथे जेवायला जातात. शक्य असेल तर मुलीला बरोबर घ्या. भाकरी मात्र मागच्या वर्षीच्या ज्वारीचीच करून न्या, ज्या ज्वारीची त्यांनी राखण केली होती तिची.